बारा इसा न सात दोरे

हौसाक्का माणसाच्या तोंडाकडे आधी बघत नसे. समोर कुणीही येऊन उभे राहिले की तिचा हात पुढे व्हायचा. साडीचा काठ, ओढणीचे टोक, कुर्त्याची बाही, जे हाताशी येईल ते अंगठा आणि बोट यांच्यात धरून ती एकदा चोळायची. मग वर बघायची. आपली ओळख कापडाने आधीच करून दिलेली असायची आणि तोंडाकडे ती नुसती खात्री करायला बघायची.

माझी ओढणी तिने पहिल्या दिवशी सकाळी अशीच चोळली.

"मेणकापड," ती म्हणाली. मग माझ्या चेहऱ्याकडे बघून, "पर रंग ग्वाड हाय."

ती ओढणी मी गुलमंडीतून खास त्या चार दिवसांसाठी घेतली होती. त्यानंतर मी ती घातली नाही.

आमच्या शहरात विणकाम आणि धागाकामाची एक परिषद भरली होती. कॉलेजमधल्या मॅडमनी स्वयंसेवक मागितले आणि मी नाव दिले, कारण मला वाटले की हे कापडाचे काम आहे, बोलायचे काम नाही. घड्या घालायच्या, पाट्या लावायच्या, पाण्याच्या बाटल्या पोचवायच्या. गारखेड्यातल्या आमच्या घरापासून रिक्षाने वीस मिनिटे. पण पैठणी आणि हिमरूच्या टेबलांवर माझ्या वर्गातल्या मुलींची नावे आधीच लागलेली होती. उरले होते व्हरांड्याच्या टोकाचे टेबल, जिन्याखाली. कागदावर लिहिले होते: लोकर, घोंगडी, एक कारागीर, दुभाष्या आवश्यक. दुभाष्या म्हणजे मी. शाळा इंग्रजी माध्यमाची, म्हणून परदेशी पाहुण्यांसाठी मी चालणार होते. हौसाक्कासाठी मी चालेन का, हे कुणी विचारले नव्हते.

ती पिशोरच्या पुढच्या एका गावातून आली होती. साठीची असावी. अंगाने सडपातळ, तळहात मात्र रुंद. मेंढ्या राखणाऱ्या घरातली. आता मेंढ्या थोड्याच उरल्या होत्या आणि पोरे दुसऱ्यांच्या कांद्यात मजुरीला जात होती. मी तिला मावशी म्हटले तर तिने मान हलवली.

"मावशी पोरं म्हनत्यात. तू आक्का म्हन."

"मी पण लहानच आहे."

"व्हय, पर पोर नाय वाटत. तू लई गप हायेस."

माझी नोंदवही बघून ती हसली. मी डाव्या हाताने लिहिते. त्या क्षणापासून मी 'डावरी' झाले. माझे नाव तिने चार दिवसांत एकदाही घेतले नाही. मला वाटते, विचारलेही नाही.

आयोजकांनी तिला माग घेऊन यायला सांगितले होते. ती म्हणाली, "खड्डा कसा आनू?" आयोजकांना कळेना. घोंगडीचा माग म्हणजे घरातल्या जमिनीत खणलेला खड्डा. विणणारा त्यात पाय सोडून बसतो आणि लाकडे खड्ड्याच्या दोन्ही बाजूंना ठोकलेली असतात. तेव्हा तिने चरखा आणला, काळ्या लोकरीची दोन गाठोडी आणली, चिंचोक्याच्या खळीचा एक डबा आणला आणि जुन्या धोतरात गुंडाळलेली फणी आणली. फणी म्हणजे हातभर लांबीची लाकडी चौकट, दाट दातांची. मागावरचा प्रत्येक उभा दोरा तिच्या एकेका फटीतून जातो. या फणीतून काळे दोरे दोन्ही बाजूंना वीतवीत लोंबत होते आणि त्यांच्या टोकांना झुबक्या-झुबक्याने गाठी मारलेल्या होत्या. "आमच्या मागाची फणी," एवढेच ती म्हणाली आणि मी पाटीवर तेवढेच लिहिले.

तिच्याजवळ बसणे सोपे होते, कारण तिला उत्तरांपेक्षा प्रश्न जास्त आवडत. परदेशातून आलेल्या एका बाईने तिला विचारले, एका घोंगडीला किती दिवस लागतात? मी मराठीत विचारले. आक्काने उलट विचारले, "हिच्या गावाला मेंढी कोन राखतं? बाई का बाप्या?" मी इंग्रजीत विचारले. ती बाई म्हणाली, कुत्रे. आक्काने चरखा थांबवला.

"नुस्ती कुत्री?"

"कुत्री आणि कुंपण."

"मंग मेंढ्या बोलत्यात कुनाशी?"

हे भाषांतर मी केले नाही. मला ते इंग्रजीत मूर्खपणाचे वाटले. आता वाटते की चार दिवसांतला तोच प्रश्न सांगायला हवा होता. त्या बाई वाट बघत उभ्या होत्या आणि मी म्हटले, ती विचारतेय तिकडे थंडी किती असते.

कागदी कपातला चहा ती स्वतःच्या डब्याच्या झाकणात ओतून घ्यायची. कागदाला वास येतो म्हणे. बाहेर गेटवरचा रखवालदार तिला 'खाला' म्हणायचा आणि ती त्याला 'भैया'. दुपारी तो जिन्याखाली येऊन बसायचा.

"खाला, ये काला कंबल मेरे नाप का बना देव."

"तुज्या मापाचं? दोन मेंढ्या जास्तीच्या लागतील," ती त्याच्या पोटाकडे बघून म्हणायची. तो रोज तेच मागायचा आणि ती रोज एक मेंढी वाढवायची.

पहिल्याच दिवशी दुपारी सभागृहात एका तज्ज्ञ बाईंचे भाषण होते, हाताने कातलेल्या लोकरीबद्दल. आक्काला ऐकायचे होते. मी म्हटले, भाषण इंग्रजीत आहे. ती म्हणाली, "मंग काय झालं? तिच्या खांद्यावर शाल हाय ना." आम्ही पहिल्या रांगेत बसलो. भाषण संपल्यावर बाई खाली उतरल्या, आक्काजवळ आल्या, नमस्कार केला. आक्काचा हात गेलाच. शालीचे टोक तिने दोनदा चोळले. दोनदा चोळताना मी तिला पहिल्यांदा बघितले. मग तिने शालीचा एक सुटा केस उपटला, रखवालदाराकडून काडेपेटी मागवली आणि सगळ्यांसमोर तो जाळला.

"हुंगा," ती म्हणाली.

बाईंनी हुंगले. मीही हुंगले. खरी लोकर जळाली की जळक्या केसांचा वास येतो. इथे प्लास्टिकची बादली वितळल्यासारखा वास होता.

"अर्धी मेंढी, अर्धी बादली," आक्का म्हणाली. मग तिला वाईट वाटले असावे, कारण तिने लगेच गाठोड्यातून मूठभर लोकर काढून बाईंच्या हातात दिली. "ही घ्या. ही आमच्या मेंढीची हाय, काळीची. काळी लई मारकी, पर लोकर ग्वाड." बाई मनापासून हसल्या. ती लोकर त्यांनी रुमालात बांधून नेली.

संध्याकाळी आक्का जेवायला गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी मुख्य पाहुणे सगळी टेबले बघणार होते. मॅडम फेरी मारत आल्या. "टेबल नीट करून ठेव हं. लोंबणारे, विस्कटलेले काही दिसायला नको. फोटो आहेत उद्या."

मी नीटनेटकी मुलगी आहे. शाळेत मला त्याचे बक्षीस मिळालेले आहे. लोकरीच्या गुंड्या मी आकाराने लावल्या, पाटी सरळ केली, चरखा पुसला आणि फणी उघडून बघितली. दोन्ही बाजूंना लांब-आखूड लोंबणारे दोरे, गाठी, गाठींना चिकटलेली सुकलेली खळ. माझ्या पिशवीत छोटी कात्री असते. मी दोन्ही बाजूंनी एका रेषेत ते कापले. फणीपासून दोन बोटे ठेवून, वेणीचे टोक कापतात तसे. छान दिसत होते. कापलेले झुबके मी कचऱ्याच्या डब्यात टाकले, फणी पुन्हा धोतरात गुंडाळली आणि घरी गेले.

सकाळी आक्काने फणीवरचे धोतर सोडले.

ती ओरडते आहे, असे मला पुढे बरेच दिवस स्वप्नात दिसायचे. ती ओरडली नाही. तिने फणीवरून तळहात फिरवला, एकदा या बाजूने, एकदा त्या बाजूने. गाठी गेल्यामुळे काही दोरे फटीतून निसटून धोतरावर पडले होते. ते तिने वेचले. एक उचलून उजेडाकडे धरला, त्याचे कापलेले टोक बघितले. मग दुसऱ्याचे. मग तिने वर बघितले, पण माझ्या तोंडाकडे नाही. माझ्या डाव्या हाताकडे. त्या हातात पेन होते.

"तुजी कातर दे," ती म्हणाली.

मी दिली. तिने ती स्वतःच्या पिशवीत टाकली आणि पिशवीचे तोंड बांधले.

"बस हितं."

"आक्का, ते मॅडमनी..."

"आदी लोकर. बोलनं मागून."

मुख्य पाहुणे आले, फोटो झाले, गेले. मग तिने चरखा फिरवत, माझ्याकडे न बघता सांगितले. मागावरचे कापड संपते तेव्हा सगळे दोरे काढून टाकायचे नसतात. वीतभर टोके फणीत ठेवायची. नवा ताणा, म्हणजे नवे उभे दोरे, आला की एकेक जुने टोक आणि एकेक नवे टोक बोटांनी एकत्र वळायचे. याला ती सांधणी म्हणे. नवे दोरे जुन्यांना धरून आपोआप फणीतून ओढले जातात. माग कधी रिकामा होत नाही.

"आमच्या मागावर दोरे सरले न्हाईत कदी," ती म्हणाली. "रझाकाराच्या वक्ताला सारं गाव पळालं. आज्जेसासऱ्यानं लाकडं नाल्यात पुरली. आज्जेसासूनं फणी पोटाला बांदून नेली, दोऱ्यासकट. पोलीस ॲक्शन झालं, मानसं माघारी आली. घर पडलं व्हतं. नवा खड्डा खनला. पर दोरे तेच."

"म्हणजे इतके जुने?"

"दोरा कुठं जुना ऱ्हातो? त्यो तर कापडात जातो. सांधा जुना."

तिच्या नवऱ्याची उजवी बाजू दोन वर्षांपूर्वी लुळी पडली. तेव्हापासून मागावर नुसती टोके होती. त्यांच्या घरात बाई सूत कातते, खड्ड्यात बाप्या बसतो. पोरे बसेनात. वाळूजला कंपनीत असलेला एक पुतण्या, भागिनाथ, लहानपणी काकाजवळ शिकला होता. तो सुट्टीच्या दिवशी, रविवारी, परिषदेत येऊन फणी बघणार होता. बघून सांगणार होता की सांधणी करतो का नाही. नवा ताणा घरी वर्षभर तयार पडला होता. हौसाक्का परिषदेला आली होती ती यासाठी. बाकी सगळे, चरखा, पाहुणे, फोटो, हे तिच्या लेखी येण्याजाण्याचे भाडे होते.

"म्हातारा म्हनतो, दोरे हायत तवर माग जित्ता हाय," ती म्हणाली.

मी ते दोन बोटांचे तुकडे बघत होते.

"आता होणार नाही?"

"बाप्याच्या बोटांत धरायचं न्हाईत येवढे तुकडे." तिने माझा हात धरला आणि ओढणी चोळावी तशी माझी बोटे चोळली. "तुजी बारीक हायत."

असे माझे काम ठरले. प्रत्येक तुकड्याला वीतभर नवा दोरा वळून जोडायचा, म्हणजे भागिनाथला धरायला टोक मिळेल. "किती आहेत?" मी विचारले.

"बारा इसा न सात."

मला कळले नाही. घरी जाऊन बाबांना विचारले तेव्हा समजले, वीसवीसचे बारा गठ्ठे आणि वर सात. दोनशे सत्तेचाळीस. मला मराठीत सत्तेचाळीससुद्धा पटकन येत नाही.

पहिले दहा-बारा जोड मी केले आणि ओढल्याबरोबर सुटले. टोके पिंजायची, थुंकी लावायची, एकमेकांवर ठेवून अंगठ्याने वळायची. मी अगदी तिच्यासारखेच करत होते. ती बराच वेळ बघत राहिली, भुवया आवळून, एखादे नवे जनावर बघावे तसे. तिला राग नव्हता, कुतूहल होते. मग खदखदून हसली.

"अगं, तू डावरी! तुजा पीळ उलटा पडतोय. लोकरीचा पीळ उलगडतीस तू. अंगठा म्होरं नको नेऊ, आपल्याकडं वड."

मी ओढला. जोड बसला.

"असं डावरं मानूस पैल्यांदा बगितलं मागापाशी," ती म्हणाली. पुढचे दोन दिवस ती येणाऱ्या-जाणाऱ्याला ते दाखवत होती. "बगा, ही उलटी वळती आन् सुलटं व्हतं." परदेशी बाईंनी त्याचा व्हिडिओ काढला. रखवालदार म्हणाला, "खाला, अब तो मेरा कंबल जल्दी होइंगा." मला एवढे लोक माझ्या हाताकडे बघताहेत याची सवय नव्हती. पण मान खाली असल्यामुळे चालून गेले. निसटलेले अकरा दोरे तिने स्वतः सुईने फटींतून परत ओवले. कोणता कुठला, हे तिला कसे कळत होते ते मी विचारले. ती म्हणाली, "जागा रिकामी दिसती न्हवं?"

त्या दोन दिवसांत मी तिला एकदाही सांगितले नाही की मीच कापले. तिनेही विचारले नाही. ते आमच्यामध्ये टेबलावर पडून होते, फणीसारखे.

रविवारी दुपारी भागिनाथ आला. तिशीतला, इस्त्रीचा शर्ट, मोटारसायकलची किल्ली बोटात फिरवत. आक्काने त्याचा शर्ट चोळला. "बरा हाय," ती म्हणाली. त्याने फणी उचलली आणि त्याचा चेहरा बदलला.

"आक्का, हे काय? सारे दोरे तोडलेत. कुनी कापलं?"

"उंदरानं."

"उंदरानं? येका रेषेत?"

"डावरा उंदीर व्हता," आक्का म्हणाली आणि चरख्याचे चाक फिरवले.

तो हसला नाही. "काका रडंल हे बगून. कोन हाय त्यो, नाव सांग. मी बोलतो इथल्या सायबाला."

आक्का लोकर पिंजत राहिली. तिने माझ्याकडे बघितले असते तर मी कदाचित गप्प बसले असते. तिने बघितले नाही.

"मी कापले," मी म्हणाले. चार दिवसांत मी इतक्या मोठ्याने काही बोलले नव्हते. पलीकडच्या टेबलावरची वर्गातली मुलगी वळून बघायला लागली. "मला वाटले तो कचरा आहे. नीट दिसावे म्हणून कापले. जोडही मीच केलेत."

भागिनाथने माझ्याकडे, मग माझ्या छातीवरच्या इंग्रजी बिल्ल्याकडे बघितले. "इंग्लिश मिडियम?"

"हो."

"वाटलंच." पण त्याने फणी खाली ठेवली नाही. एक जोड धरून ओढला. मग दुसरा. मग एकदम चार. एक सुटला.

"यो सुटला."

"एकच ना," आक्का म्हणाली. "तुजे पैल्यांदा किती सुटले व्हते, इचार काकाला."

बराच वेळ तो एकेक दोरा ओढून बघत राहिला. किल्ली त्याने टेबलावर ठेवली होती. शेवटी म्हणाला, "दिवाळीत दोन दिस येतो. सांधून देतो. पर आक्का, मी बसनार नाय मागावर. माजी शिफ्ट हाय."

"तू सांध. बसायचं मी बगते."

"म्हंजे कोन बसनार?"

"बगते म्हनलं न्हवं?"

संध्याकाळी मी तिला एसटीपर्यंत सोडायला गेले. तिने चरखा टपावर टाकू दिला, गाठोडी टाकू दिली. फणी मांडीवर घेऊन ती खिडकीशी बसली. माझी कात्री मागायची मला हिंमत झाली नाही.

त्या हिवाळ्यात, पुण्याला शिकायला जाण्यापूर्वी, मी घरी खोटे काहीतरी सांगून पिशोरच्या गाडीत बसले. पुढे काळीपिवळी जीप मिळाली. घर विचारावे लागले नाही. रस्त्यावरूनच मागाचा आवाज येत होता, ठक, आणि थोडे थांबून पुन्हा ठक.

आत अंधारे होते. चिंचोक्याच्या खळीचा आंबूस वास होता. दारातून मला आधी दिसली ती खाट. तिच्यावर एक म्हातारा उजव्या कुशीला टेकून पडला होता आणि डाव्या हाताने खाटेचे लाकूड वाजवत होता, संथ, एकसारखे. त्याच ठेक्यावर जमिनीतून हौसाक्का अर्धी वर आलेली होती. कमरेपर्यंत खड्ड्यात, पदर कमरेला खोचलेला, आडवा दोरा नेणारा धोटा एका हातातून दुसऱ्या हातात चाललेला.

"डावरी आली," ती न थांबता म्हातारबाबांना म्हणाली. त्यांचा हात क्षणभर थबकला. त्यांनी माझ्या हातांकडे बघितले, घशातून काहीतरी बोलले. मला ते कळले नाही.

"म्हनत्यात, बोटं दाव."

मी दोन्ही हात पुढे केले. त्यांनी डाव्या हाताने माझा डावा हात धरला, सोडला, आणि पुन्हा लाकूड वाजवायला लागले.

"आक्का, बाईने बसायचे नसते ना?"

"नसतं." ठक. "चार दिस बोलले न्हाईत माज्याशी. पाचव्या दिशी म्हनले, ठेका चुकतोय तुजा." ठक. "मंग त्येच वाजवाया लागले."

तिने हात लांबवला आणि माझ्या ओढणीचे टोक चोळले. सुती होती, घरातली जुनी. तिने मान डोलावली. मग तिने कापडाची सुरुवात दाखवली. पहिल्या चार बोटांत गुठळ्या होत्या, ओळीने, कशाबशा वळलेल्या. त्या कुणाच्या, ते सांगावे लागले नाही.

"येवढं लोक कापून टाकत्यात. मी ठेवनार."

मागाच्या खांबाला एक खिळा होता. त्यावर काळ्या दोऱ्याने बांधलेली माझी कात्री लटकत होती.

"आजून पंद्रा दिस लागतील," ती म्हणाली. "उतरवाया तू ये. कुठं कापायचं ते मी दावीन."

"आणि किती ठेवायचे?"

"वीतभर," खाटेवरून म्हातारबाबा म्हणाले. हे मला स्पष्ट कळले.

माझ्या परीक्षेची तारीख मध्ये आली आणि मी गेले नाही. त्यामुळे ती मला शेवटची दिसते ती अशी. मी चारच्या गाडीसाठी उठले, दाराशी वळून बघितले. तिने वर बघितले नाही. ओळ अर्धी होती. मागाच्या वर फक्त तिचे डोके, खांदे आणि ते रुंद तळहात, बाकी सगळी ती खाली, आणि तिच्या डोक्यावर खिळ्याला कात्री, माग हलला की थोडीशी हलणारी.